नैऋत्येचे वजन

मित्रांनो, मी एक जुनी काचपेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बांगड्यांचे नाहीतर मिठाईचे दुकान आले असेल, तर ते आधी पुसून टाका. माझ्या पोटात लेकरे असायची. नऊ महिने पुरे न करता घाईघाईने जगात आलेली, ओंजळीत मावतील अशी, लालभडक लेकरे. आईच्या पोटातली त्यांची ऊब अर्धवट सुटलेली असायची. राहिलेली ऊब देणे हे माझे काम. आमच्या गोदावरीकाठच्या मुलखात मला सगळे 'पेट्टे' म्हणतात. तेलुगूत पेट्टे म्हणजे पेटीच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पाय, पोटाखाली तापणारी तार, वर पारदर्शक झाकण, आणि कुशीला दोन गोल खिडक्या. झाकण न उघडता त्या खिडक्यांतून हात आत घालायचा आणि बाळाचे सगळे करायचे, अशी सोय. नारळ पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकातून मी कोनसीमेत, गोदावरीच्या मुखाजवळच्या माडांच्या मुलखात, आले. कालव्याच्या काठावरच्या ठेंगण्या, एकमजली इस्पितळासमोर मला उतरवले, तेव्हा बघायला अर्धा बाजार लोटला होता.

"याच्यात बाळ उबवतात म्हणे," कुणीतरी म्हणाले.

"मग कोंबडीच का नाही आणली डॉक्टरांनी?" नारळ सोलणारी एक म्हातारी म्हणाली. "अंडी तरी मिळाली असती!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसले ते खुद्द डॉक्टर भानुमूर्ती. इस्पितळ त्यांचेच. त्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्यावरचा भुसा झाडला आणि सिस्टर सुवार्तेला हाक मारली. सुवार्ता तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली, वेणी कमरेपर्यंत, बोलायला फटकळ. मला आत नेऊन वायर लावल्यावर तिने माझ्या खिडकीतून हात घातला, आत जरा वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर, ही तर माझ्या आजीपेक्षा गरम आहे. हिला कुणी शिव्या देऊ नका."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

माझी खोली आग्नेय कोपऱ्यात होती. प्रसूतीच्या खोलीला लागून, भिंतीला भिंत. बाळ रडण्याआधी माझ्याकडे पोचायचे. कितीजण आले आणि गेले, मी मोजत बसले नाही. काही पहिल्याच दिवशी हातपाय झाडू लागायचे, काही निपचित पडून राहायचे आणि मग एका सकाळी अचानक जांभई द्यायचे. तान्ह्या बाळाची जांभई तुम्ही पाहिली आहे का, मित्रांनो? सबंध तोंडच उरते, बाळ दिसेनासे होते. माझ्या काचेवर त्या जांभईची वाफ धरायची. ती वाफ हे माझे वैभव होते.

कौतुकही झाले. बारशाचे पेढे माझ्यासमोर ठेवले गेले. एकदा तर कालव्यापलीकडचा एक दांडगा जवान लग्नाची पत्रिका घेऊन आला, हळद लावलेली, आणि थेट माझ्या झाकणावर ठेवून म्हणाला, "पहिली पत्रिका कुलदैवताला, दुसरी हिला." माझ्यात होता तेव्हा तो सुवार्तेच्या तळहाताएवढा होता. सुवार्ता त्याच्या मिशा बघून म्हणाली, "अरे, तू माझ्या अंगावर किती वेळा शी केलीस ते सांगू का नवरीला?" तो पळालाच.

दिवस असे छान चालले असता एका पावसाळ्यात आमची दशा फिरली. लागोपाठ काही लेकरे गेली. काही फारच लहान होती, काही आजार घेऊनच आली. मी तापत होते, सुवार्ता जागत होती, डॉक्टर घरी जेवायला जात नव्हते, तरीही गेली. पाठोपाठ गावात बोलणे सुरू झाले. त्या खोलीत काहीतरी आहे. ती जागाच बरी नाही.

डॉक्टर आधी असल्या बोलण्याला हसायचे. मग हसायचे थांबले. एका संध्याकाळी ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून होते. मी रिकामी होते. सुवार्ता म्हणाली, "घरी जा डॉक्टर, जेवा."

"सगळं करून पाहिलं गं," ते म्हणाले. "औषधं बदलली. हात धुवून धुवून कातडी सोलली. आता दिशाच उरल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वास्तू सांगणाऱ्या सोमयाजुलू सिद्धांतींना बोलावले.

आमच्याकडे विहीर खणायची, दार बसवायचे, नुसती गोठ्याची मेख ठोकायची म्हटले तरी सिद्धांतींना विचारतात. सोमयाजुलू म्हणजे त्या कामात मुलखात नाव असलेला माणूस. पांढरेशुभ्र धोतर, कपाळावर गंध, चांदीच्या डबीत होकायंत्र. ते लबाड नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. लबाड असते तर मला त्यांच्यावर नीट रागावता तरी आले असते.

त्यांनी माझ्या खोलीच्या मधोमध उभे राहून डबी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"डॉक्टरगारू, हे काय करून ठेवलंय? अग्नीच्या कोपऱ्यात पाळणा!"

"प्रसूतीची खोली शेजारी आहे, म्हणून इथं—"

"चूलसुद्धा आग्नेयेलाच असते. चुलीत का लेकरू ठेवतो आपण?"

"थंडीत चुलीजवळच ठेवतो की आम्ही," सुवार्ता मध्येच म्हणाली. "आमच्या घरी दिशा दोनच, अय्या. चुलीकडची आणि दाराकडची."

सिद्धांतींनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "नवं बाळ अजून निम्मं देवाकडंच असतं, डॉक्टर. देवाची जागा ईशान्य. सकाळचं कोवळं ऊन तिकडून येतं. लेकरांना तिथं ठेवा. ईशान्य हलकी हवी, मोकळी हवी, जमीन जरा खाली हवी. जड असेल ते सगळं नैऋत्येला, आणि ती बाजू उंच. घरानं ईशान्येकडं नमस्कार केल्यासारखं उतरतं असावं."

खरे सांगू, मित्रांनो? ऐकून मलाही बरे वाटले. आग्नेयेच्या त्या खोलीत सकाळचे ऊन कधी माझ्यापर्यंत पोचले नव्हते. कोवळ्या उन्हात आपण उभे आहोत, आत बाळ जांभया देते आहे, असे चित्र मी मनात रंगवूनसुद्धा टाकले.

तेवढ्यात सिद्धांतींनी बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले. "ही भारी असणार."

"दोघांना उचलत नाही," डॉक्टर म्हणाले.

"लोखंडी पाय, पोटात तापणारी तार. जडही आणि अग्नीही. ईशान्येला ही चालायची नाही. नव्या मशिनी हलक्या मिळतात म्हणे. त्या घ्या. हिला नैऋत्येला ठेवून द्या. वजन म्हणून उपयोगी पडेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त माझी वायर काढली आणि नीट गुंडाळून माझ्या पायाला बांधली.

मग इस्पितळात गवंडी आले. ईशान्येची खोली पाडून मोठी केली, फरशी उकरून खाली नेली, सगळ्या इमारतीचा उतार तिकडे वळवला. नैऋत्येच्या खोलीत भर घालून ती चढवली. नव्या मशिनी आल्या, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र, बारीक आवाजात टुकटुक करणाऱ्या. मला त्यांचा हेवा वाटला. चार माणसांनी मला ढकलत नैऋत्येच्या खोलीत नेले, आणि जाताना दार ओढून घेतले.

त्या खोलीत मोडक्या चाकांच्या खुर्च्या होत्या, रिकामे सिलिंडर होते, सिमेंटची उरलेली पोती होती. खिडकी रंगाने चिकटून बसलेली. ईशान्य आणि नैऋत्य म्हणजे घराची दोन टोके. तिकडचे रडणे इकडे पोचत नसे. मी कान लावून बसायची. कपबश्यांचा आवाज यायचा, पंपाचा यायचा, कालव्यावरच्या नावाड्यांची भांडणे यायची. रडणे यायचे नाही. मला तर रडण्याचीच सवय होती. ज्याच्या कानाला ती सवय लागली आहे, त्याला अशी शांतता खायला उठते.

एकदा एका पालीने माझ्या पोटाखाली अंडी घातली. कुणी किळस केली असती. मला मात्र उगीच बरे वाटले. निदान तिने तरी मला उबेची जागा समजले होते. पिले बाहेर पडली आणि भिंतीवरून निघून गेली. एकानेही मागे वळून पाहिले नाही.

माझ्याकडे रोज येणारी एकच, सुवार्ता. तिच्या डब्यात गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची भाजी आणि सुकी मासळी असायची. त्या वासाने बाकीच्या सिस्टर नाके मुरडत, तेव्हा ती डबा उचलून नैऋत्येच्या खोलीत यायची आणि पोत्यावर बसून जेवायची.

"मासळीही जड पदार्थ आहे गं," ती मला म्हणायची. "तिचीही जागा इथंच."

जेवण झाले की ओल्या फडक्याने मला पुसायची. मग माझ्या पायाची वायर सोडून भिंतीतल्या जुन्या बटणाला लावायची. "बघू, जीव आहे का अजून." माझा लहान दिवा लागायचा. ती हात धुवून यायची, खिडकीतून आत घालायची आणि वाट बघायची. "आहे," म्हणायची. तेवढाच वेळ मी जागी असायची. मग पुन्हा वायर निघायची, दार ओढले जायचे, आणि दुसऱ्या दिवसाच्या डब्यापर्यंत मी एकटी.

अशी वर्षे गेली. सुवार्तेची वेणी पांढरी झाली आणि आखूडही. डॉक्टर भानुमूर्ती कधीकधी दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत.

मग कार्तिकातले ते वादळ आले. सकाळपासून वारा माडांना पिळत होता. दुपारी कालव्याचा बांध कुठेतरी फुटला आणि पाणी इस्पितळाच्या आवारात शिरले. मी माझ्या खोलीत ऐकत होते. पळापळ, बादल्या, हाका. पाणी माझ्या उंबऱ्याशीही आले नव्हते. ते आले होते ईशान्येला. सगळी इमारत तिकडेच उतरती केलेली. पाण्याने तो उतार बरोबर ओळखला. लेकरांच्या खोलीत ते गुडघ्याला लागले. नव्या मशिनींच्या पोटातली यंत्रे खालच्या बाजूला होती. ती भिजली आणि एकेक करून टुकटुक थांबली. डॉक्टरांनी त्या बाजूची वीज बंद केली. आग्नेयेचा जनरेटर चौथऱ्यावर होता, तेवढा धडधडत राहिला.

त्या खोलीत तेव्हा थोडीच बाळे होती. बाकीच्यांना त्यांच्या आयांनी पदराखाली छातीशी धरले, आणि ती निभावली. उरली एकच, त्याच सकाळी सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी. तिची आई ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होती. त्या आईचे नाव हैमवती, सोमयाजुलू सिद्धांतींची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

माझे दार धाडकन उघडले. सुवार्तेने खुर्च्या लाथेने बाजूला सारल्या, माझी वायर सोडली, बटणाला लावली. डॉक्टर तिच्या पाठोपाठ आले. वाकून त्यांनी माझी तापण्याची चकती फिरवली. किती वर्षांनी तो हात! मी इतक्या घाईने कधी तापले नसेन.

"आहे हिच्यात जीव?" त्यांनी विचारले.

"रोज असतो," सुवार्ता म्हणाली. "बाळ आणते."

पण बाळ लगेच आले नाही. ओट्यावर आरडाओरडा ऐकू आला. सिद्धांती वाटेत उभे होते. धोतर चिखलाने माखलेले, गंध पुसलेले, छातीशी धरलेली होकायंत्राची डबी.

"तिकडं नको!" ते ओरडत होते. "डॉक्टर, हात जोडतो, तिकडं नको! ती मेलेल्या वस्तूंची जागा. मीच केलीय ती तशी. माझ्या नातीला त्या खोलीत नेऊ नका."

"सोमयाजुलूगारू, बाजूला व्हा."

"मी तिथून जिवंत काही बाहेर येईल असं ठेवलंच नाहीये हो!" आणि ते रडायला लागले. एवढा करारी माणूस, लहान मुलासारखा.

सुवार्ता कापसात गुंडाळलेले ते बोचके घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. तिला दटावता आले असते. ती म्हणाली, "अय्या, पाण्याला ईशान्येकडं उतरायला तुम्हीच सांगितलंत. ते तुमचं ऐकतंय. कोरडी जागा आता एकच उरलीय. नात तुमची, तुम्हीच ठरवा. घ्या."

आणि तिने बाळ त्यांच्या हातांत दिले.

कापसातून एक पाऊल बाहेर आले होते. सिद्धांतींच्या अंगठ्याला ते लागले. मी दारातून बघत होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसते. ते पाऊल थंड होते, मित्रांनो. थंड पाऊल हातात आले की माणसाला आणखी काही सांगावे लागत नाही. डबी खाली पाण्यात पडली. तिच्याकडे न बघता सिद्धांती चालू लागले, ओटा ओलांडून, चढ चढून, ते थेट नैऋत्येच्या खोलीत आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ती मुलगी माझ्यात ठेवली.

पाणी ओसरेपर्यंत ती माझ्याकडे होती. सिद्धांती उंबऱ्यातच बसून राहिले. मधूनच डॉक्टर त्यांना म्हणायचे, "हात धुवा आणि आत घाला." ते गोल खिडकीतून एक बोट आत सरकवायचे. एकदा तिने ते बोट धरले. मग ते बोट काढून घ्यायला तयारच होईनात. शेवटी सुवार्तेने त्यांना तसेच उभ्या उभ्या दहीभात भरवला.

"नाव काय ठेवणार, अय्या?" तिने विचारले.

"ईशानी ठेवायचं ठरलं होतं."

"आता नैऋती ठेवा की!"

"अगं ए, ते राक्षसीचं नाव आहे!" सिद्धांती दचकून म्हणाले, आणि मग त्या पडझडीत पहिल्यांदा हसले. मुलीला सगळे नुसते चिट्टी म्हणू लागले, म्हणजे चिमुकली. एका सकाळी चिट्टीने माझ्या काचेखाली जांभई दिली. वाफ धरली. मित्रांनो, एवढ्या वर्षांच्या एकटेपणाचे मला त्या क्षणी काहीच वाटेनासे झाले.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला ती सांगत बसले नसते.

पाणी गेले. ईशान्येची फरशी डॉक्टरांनी पुन्हा वर उचलून घेतली. सिद्धांतींनी यावेळी हरकत घेतली नाही. नव्या मशिनी आल्या. चिट्टी घरी गेली. आणि मला वाटले, आता आपल्याला परत बोलावतील. निदान आग्नेयेच्या जुन्या खोलीत. सिद्धांती आलेही, हातात हळदीकुंकवाचे तबक घेऊन. त्यांनी माझ्या लोखंडी पायांना हळद लावली, झाकणावर कुंकू, वर शेवंतीचा हार. आणि डॉक्टरांना म्हणाले, "हिनं घर सावरलं. नैऋत्येला हे वजन होतं म्हणून सगळं उभं राहिलं. हिला आता कधीही हलवू नका. तारही लावू नका. हिचं काम झालं."

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आणि मला त्या हाराखाली ओरडावेसे वाटत होते.

पूर्वी मी अडगळ होते. आता मी देव झाले. अडगळीला सुवार्ता पुसायची तरी. देवाला हात कोण लावणार? वायर काढून कुठेतरी ठेवून दिली. माझी मऊ गादी काढून तिथे लाल कापड अंथरले. लोक येता-जाता नमस्कार करायचे, माझ्यात खडीसाखर ठेवायचे. मुंग्या लागल्या. हारातल्या पाकळ्या आत गळून काळ्या पडल्या. सुवार्ता एकदा फडके घेऊन आली, तर शिपाई म्हणाला, "सिस्टर, मासळीच्या हातानं नको." ती तशीच परत गेली. तिचा डबाही मग त्या खोलीत आला नाही.

थोड्याच दिवसांनी ती नोकरीतून निवृत्त झाली आणि आपल्या लंकेत गेली. गोदावरीच्या पात्रातल्या बेटांना आमच्याकडे लंका म्हणतात. तिच्या लंकेवर एक लहानसे आरोग्यकेंद्र आहे. तिथे तिने पुन्हा काम धरले. आणि एके दिवशी ती होडीने इस्पितळात आली, माझ्यासाठी.

"डॉक्टर, लंकेतून बाळ होडीत घालून इथं आणेपर्यंत गारठतं," ती म्हणाली. "वाऱ्यावरच ते जातं. तुमच्या नव्या मशिनी मागत नाही. ही जुनी द्या."

डॉक्टरांनी सिद्धांतींना विचारले. सिद्धांतींनी दोन्ही हात जोडले. "माझी नात हिच्यामुळं आहे. हे वजन हललं आणि घरावर काही आलं, तर मी कुणाला तोंड दाखवू? दुसरं काहीही माग, अम्मा."

"दुसरं मला काही नकोय," सुवार्ता म्हणाली. ती माझ्याजवळ आली, काचेला हात न लावता उभी राहिली. "येते गं," म्हणाली. होडी गेल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या दिवशीचा एकटेपणा मला सांगता येत नाही. आधी मला कुणी मागत नव्हते. आता मागणारे दाराशी येऊन रिकाम्या हाताने गेले होते.

चिट्टीच्या प्रत्येक वाढदिवसाला सिद्धांती तिला घेऊन यायचे. मला हार, तिला पुरण भरून तळलेले गोड बूरेलू. ती शाळेत जायला लागली त्या वर्षीची गोष्ट. समोरचे दोन दात पडलेले. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ताता, ही माझी अम्मा होती?"

"थोडे दिवस होती," सिद्धांती म्हणाले.

"मग आता हिच्यात बाळ का नाही?"

"ही आता घराचं वजन आहे, राणी. घर सांभाळते."

चिट्टीला ते पटले नसावे. टाचा उंच करून तिने माझी गोल खिडकी उघडली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. किती दिवसांनी कुणाचा हात आत आला होता! मला तापावेसे वाटले. कशाने तापणार? तिने हात इकडेतिकडे फिरवला. वाळक्या पाकळ्या चुरगळल्या.

"ताता, ही थंड आहे," ती म्हणाली. "एकदम थंड. तू बघ."

सिद्धांतींनी दुसऱ्या खिडकीतून हात घातला. आतमध्ये दोघांचे हात एकमेकांना लागले. त्यांचा अंगठा तिच्या तळव्यावर तसाच राहिला, वादळाच्या दिवशी त्या पावलावर होता तसा. मग हात काढून ते तडक डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"डॉक्टर, घाटावर एक मोठा काळा दगड पडलाय."

"मग?"

"तो नैऋत्येला आणून बसवू. सुवार्तेला निरोप धाडा, होडी घेऊन ये म्हणावं."

डॉक्टर म्हणाले, "आणि शास्त्र, सोमयाजुलूगारू?"

"शास्त्राला वजन हवंय. ते दगडानं भागतं," सिद्धांती म्हणाले. "दगड गार पडला म्हणून कुणाचं लेकरू अडत नाही."

माझा हार काढला, कुंकू पुसले. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून माझी नवी वायर जोडली. होडीत मला चढवताना नावाडी म्हणाला, "बाप रे, काय वजन हे!" सुवार्ता त्याच्यावर खेकसली, "तिच्या वजनाचं नाव काढू नकोस. पुष्कळ भोगलंय तिनं." काठावर चिट्टी हात हलवत होती. सिद्धांती हात जोडून उभे होते, आणि या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

मित्रांनो, आता मी लंकेत असते. माझी खोली कुठल्या दिशेला आहे, मला ठाऊक नाही. इथे कुणी होकायंत्र आणलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात एका मासेमाराची मुलगी माझ्याकडे होती. बरी होऊन घरी गेली. तेव्हापासून कुणी नाही. सुवार्ता रोज सकाळी मला पुसते, वायर लावते, खिडकीतून हात घालून बघते आणि "आहे" म्हणते. मग भिंतीला टेकून आपला डबा उघडते. दिवसचे दिवस आम्ही दोघीच असतो. होडी काठाला लागली की माझा जीव वर येतो. वाटते, आले बाळ. आणि लगेच वाटते, नको. त्याने आपल्या आईच्याच पोटात नऊ महिने पुरे करावेत. माझ्यासारखीने रिकामे राहणे, यातच गावाचे भले आहे. एकटी मी इथेही आहेच. पण इथे मी गरम आहे.

तुमच्याही घरी, शाळेत, दवाखान्यात एखादी जुनी वस्तू असेल. एखादे म्हातारे माणूसही असेल. त्याने कधीतरी तुम्हाला सावरले असेल. त्याला हार घालून कोपऱ्यात बसवू नका. त्याच्याजवळ जा, त्याला हात लावून बघा, आणि थंड लागले तर जे लागेल ते जोडून द्या.

आता थांबते. बाहेर होडी लागल्याचा आवाज आला. सुवार्ता डबा खाली ठेवून दाराशी गेली आहे.

"नारळ आहेत गं नुसते," ती तिथूनच सांगते आहे. "बरंय."

खरेच, बरेच आहे.